मुलींचं क्रिकेट : पंधरा ते एकोणीसची अवघड वर्षं

‘मुलगी चांगली खेळते, आता पुढं काय?’ हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. आज त्याबद्दलच बोलू या.

२ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या महिला संघानं नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तो सामना बघून एखाद्या दहा वर्षांच्या मुलीनं बॅट हातात घेतली, तर तिची वाट कशी असेल? जिल्ह्यातली निवड चाचणी, मग राज्याचा १५ वर्षांखालचा संघ, नंतर १९, नंतर २३ आणि शेवटी वरिष्ठ संघ. यातली १५ वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा अगदी अलीकडची, २०२२-२३ च्या हंगामापासूनची आहे.

ही खालची पायरी का महत्त्वाची? स्मृती मानधना सांगलीची. ती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालच्या संघात निवडली गेली. आपण कौतुकानं ही गोष्ट सांगतो, पण तिला अपवाद म्हणूनच बघा. साधारण गुणांच्या तेरा वर्षांच्या मुलीला अठरा वर्षांच्या गोलंदाजापुढं उभं केलं, तर ती बहुतेक वेळा बाकावर बसते. आणि बाकावर बसून कुणी क्रिकेट शिकत नाही.

आता वरचं टोक बघा. महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये पाच संघांनिशी सुरू झाली. अकरा जणींत चार परदेशी धरल्या तर प्रत्येक संघात सात भारतीय, म्हणजे सगळ्या मिळून साधारण ३५ जागा. देशात राज्यांचे संघ तीसहून जास्त आहेत. म्हणजे एका राज्याच्या वाट्याला सरासरी जेमतेम एक जागा येते!

पण माझ्या मते खरी गळती या टोकाशी होत नाही, ती पंधरा ते एकोणीस या वयात होते. त्याच वर्षांत दहावी-बारावी येते. शरीर बदलत असतं, गुडघे आणि पाठ जपावी लागते. शिवाय लांबचा प्रवास असतो, आणि ‘आता किती दिवस खेळणार?’ हा नातेवाइकांचा प्रश्नही असतोच. त्यात सामने कमी. मुलांना शाळेच्या, क्लबच्या भरपूर स्पर्धा मिळतात. मुलीचं राज्याच्या संघातलं नाव हुकलं, तर अनेक गावांत तिला वर्षभर नेटमधल्या सरावाशिवाय काहीच उरत नाही.

मग मुलांबरोबर खेळवायचं का? जरूर. रोहतकची शेफाली वर्मा मुलांमध्ये खेळूनच तयार झाली आणि पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली. फक्त एक लक्षात ठेवा. महिलांचा चेंडू साधारण १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा १५६ ते १६३ चा. त्यामुळे तिच्या चेंडूनं सरावही हवाच, आणि मुलींविरुद्धचे सामनेही हवेत.

उशीर झाला म्हणून दार बंद होतं असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे आधी मैदानी खेळांत होती. क्रिकेटकडे ती गांभीर्यानं वळली ती कॉलेजच्या वयात. २०२२ मध्ये नागालँडकडून टी-२० मध्ये तिनं १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. महाराष्ट्राच्या मुलीला संधी नागालँडमध्ये मिळाली, हेही ध्यानात घ्या.

तेव्हा पालकांनो, अकादमीची फी भरण्याआधी प्रशिक्षकांना तीन गोष्टी विचारा. वर्षात तिला खरे सामने किती मिळतील? तिच्या वयाच्या आणखी किती मुली तिथं आहेत? ती गोलंदाज असेल तर आठवड्यात किती चेंडू टाकायचे आणि विश्रांती केव्हा, हे कोण ठरवतं? ‘ती भारताकडून खेळेल का?’ याचं उत्तर तेराव्या वर्षी कुणीच देऊ शकत नाही. पण या तीन प्रश्नांची उत्तरं आज मिळू शकतात, आणि सोळाव्या वर्षी ती मैदानावर असेल की नाही, हे बरंचसं त्यांवर ठरतं.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.