हजेरीपटाबाहेरचीं माणसें

वेठबिगारी नाहींशी करणारा कायदा आपल्या देशांत नवा नाहीं. २५ ऑक्टोबर १९७५ पासून त्यासंबंधीं वटहुकूम अमलांत आला व १९७६ सालीं त्याचा कायदा झाला. म्हणजे ह्या गोष्टीस पन्नास वर्षें होऊन गेलीं. मुलांस कामास लावण्याविरुद्धचा कायदा १९८६ सालचा असून २०१६ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. तरीहि पावसाळा संपून पालघर जिल्ह्यांतील वीटभट्ट्या पेटूं लागल्या कीं त्यांवर उचलीपायीं बांधलेलीं कुटुंबें आणि त्यांचीं पोरें दिसतातच. दोष कायद्याचा कीं तो अमलांत आणणाऱ्यांचा, हा वाद आम्हांस येथें घालावयाचा नाहीं. ज्या अधिकाऱ्यास अशा ठिकाणीं पाठवावयाचें, त्यानें काय पाहावें व कसें पाहावें हें त्याला शिकविण्याकडे आपण किती लक्ष पुरवितों, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या पश्चिम अंगास लोहमार्गावर बोईसर आहे. तेथून जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत असून तींत रसायनें, औषधें, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. पलीकडे समुद्रकांठीं १९६९ सालीं सुरू झालेलें, देशांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र. पूर्वेस मात्र विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे डोंगराळ तालुके लागतात. तेथील वारली, कातकरी वगैरे लोकांच्या घरीं भाताचें पीक निघाल्यावरहि फार दिवसांचें धान्य राहत नाहीं, आणि मग तीं कुटुंबें वाडा, वसई, भिवंडी इकडील भट्ट्यांची वाट धरतात. बोईसरच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले मजूर ठेकेदाराच्या हाताखालीं असतात. एकाच जिल्ह्यांतील हे दोन प्रकार इतके निराळे आहेत कीं, एकास लागू पडणारी तपासणीची रीत दुसऱ्यास फारशी उपयोगी पडत नाहीं.

आधीं भट्टीचें पाहूं. भट्टीवर मजूर एकेकटा लागत नाहीं, जोडीनें लागतो. जोडी म्हणजे नवराबायको. घरांत चणचण असतां मालक किंवा त्याचा मुकादम कांहीं रक्कम आगाऊ देतो, तिला उचल म्हणतात. पुढें कामावर आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची मिळते, विटांचा दर हजारीं ठरलेला असतो, आणि सगळा हिशेब पाऊस तोंडावर आला म्हणजे एकदांच होतो. आतां समजा, एका जोडीनें २०,००० रुपये उचल घेतली व २६ आठवडे दर आठवड्यास १,५०० रुपये खर्ची घेतली; तिच्या नांवावर ५९,००० रुपये पडले. त्या मुदतींत तिनें ७५,००० विटा पाडल्या व दर हजारीं ७०० रुपये धरला, तर मजुरी ५२,५०० होते. म्हणजे सहा महिने उन्हांत गारा तुडवूनहि ६,५०० रुपये अंगावर राहिलेच, आणि पुढील वर्षीं त्याच भट्टीवर येणें भाग झालें. आंकडे आम्हीं केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. रीत मात्र खरी आहे. हाच हिशेब थोडा पुढें नेऊं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर दोघांचे मिळून ३१२ रोज भरतात, आणि माणशीं रोजचे १६८ रुपये पडतात. केंद्र सरकारनें २०१७ सालीं सुचविलेला देशाचा तळचा दरहि १७६ रुपये होता. शिवाय विटा उलटून वाळविणारीं पोरें ह्या भागाकारांत आम्हीं धरलींच नाहींत. कारण मालकाच्या वहींतहि तीं नसतात. पुष्कळदां बायकोचेंहि नांव नसतें.

अशा भट्टीवर गेलेला निरीक्षक काय करतो? मजुरी कमी दिली, ही नोंद एका कागदावर होते. मूल काम करतांना सांपडलें, तर ती नोंद दुसऱ्या कागदावर. उचलीसाठीं त्याच्या छापील तक्त्यांत रकाना नसला, तर ती तशीच राहून जाते. सुटे सुटे पाहिले तर हे दोष थोडाबहुत दंड भरून मिटण्यासारखे वाटतात; त्यांची बेरीज केली तर तीच वेठबिगारी होय. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार ठरण्यास पायांत बेडी असावी लागत नाहीं. उचल, रूढि किंवा वाडवडिलांचें कर्ज ह्यांपायीं मनुष्यास दुसरीकडे काम धरण्याची, हिंडण्याफिरण्याची अथवा आपले श्रम बाजारभावानें विकण्याची मोकळीक उरली नाहीं, किंवा नाममात्र मजुरीवर राबावें लागलें, कीं पुरे. ह्यांतील एकच गोष्ट असली तरी चालते. सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं, दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांसाठीं चाललेल्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत, किमान वेतनाहून कमी दरानें करून घेतलेलें काम हें घटनेच्या २३ व्या कलमानें निषिद्ध केलेलें सक्तीचेंच काम होय, असा निर्णय दिला. आणि हें कर्ज वेठबिगारीचें नव्हे, असें सिद्ध करण्याचा भार कायद्यानें धनकोवर टाकला आहे, मजुरावर नव्हे. ही बेरीज करावयास शिकविणें हाच निरीक्षकांच्या शिक्षणाचा गाभा असला पाहिजे, असें आमचें मत आहे.

ही दृष्टि ह्या मुलखांत पूर्वीं कोणास आलीच नाहीं असें मात्र नाहीं. १९३८-३९ च्या सुमारास डी. सिमिंग्टन नामक सनदी अधिकाऱ्यानें मुंबई सरकारसाठीं आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला, व जमीनदार घेत असलेल्या वेठीचें वर्णन त्यामुळें सरकारी दप्तरांत आलें. पुढें १९४५ सालीं गोदावरीबाई परुळेकर तलासरी-डहाणूकडील वारल्यांत गेल्या. पुण्याच्या गोखल्यांच्या घरांत जन्मलेल्या, वकिलीची परीक्षा उतरलेल्या आणि भारतसेवक समाजाच्या पहिल्या स्त्री-आजीव सभासद झालेल्या ह्या बाईंनीं त्या चळवळीची हकीकत १९७० सालीं ‘जेव्हां माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकांत सांगितली. तें आमच्या अनेक वाचकांच्या घरीं असेल. लग्नापुरते पैसे घेऊन जन्मभर सावकाराचा चाकर होणारा ‘लग्नगडी’ त्यांत आहे. आजची उचल ही त्या लग्नगड्याच्या कर्जाची धाकटी बहीण होय. बाईंपाशीं छापील तक्ता नव्हता. लोकांच्या झोंपड्यांत जाऊन त्यांनीं त्यांच्या तोंडून ऐकलें.

ऐकण्याचें हें काम शिकवितां येतें. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें सक्तीच्या श्रमाच्या ११ खुणा नमूद केल्या आहेत. कर्जाचें बंधन, मजुरी अडकवून ठेवणें, ओळखीचे कागद काढून घेणें, धाकदपटशा, फसवणूक, बाहेर जाण्यास मज्जाव, लोकांपासून दूर ठेवणें इत्यादि त्यांत येतात. भट्टीवर कर्ज मुख्य. बोईसरच्या कारखान्यांत मात्र ठेकेदाराकडे ठेवलेलें ओळखपत्र, दोन-दोन महिने थकविलेला पगार, कुलुपाआडची निजण्याची खोली, ह्या गोष्टींकडे पाहावें लागेल. मजुराशीं बोलावयाचें तें मालकाच्या कचेरींत नव्हे, आणि दुभाषी म्हणून मुकादमास तर कदापि घ्यावयाचें नाहीं. बायांशीं बोलावयास स्त्री-निरीक्षक हवी. “तुम्हांस जबरदस्तीनें ठेवलें आहे काय?” असें विचारल्यास बहुधा “नाहीं” असेंच उत्तर येणार, “होळीला घरीं गेलां होतां काय? हिशेबाची वही कोणाकडे असते? परवां दुसऱ्या भट्टीवर गेलां तर काय होईल?” असें विचारलें तर उत्तरांतून सर्व उलगडतें. नॉयडा येथील व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रमसंस्था आणि मुंबईची नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या नांवाची श्रमविज्ञान संस्था, अशीं हें शिक्षण देण्याजोगीं स्थळें आपल्यापाशीं आहेत. वर्गांतील व्याख्यानाबरोबर उमेदवारास एक दिवस भट्टीवर नेलें तर अधिक बरें.

मुलांचे बाबतींत आणखी एक अडचण आहे. १४ वर्षांखालील मुलास कोणतेंहि काम मना आहे; १४ ते १८ मधील मुलास धोक्याचें काम मना आहे; पण शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यांत मदत करण्याची सवलत २०१६ च्या दुरुस्तीनें दिली आहे. भट्टीवर बापाजवळ बसून विटा उलटणारें पोर पाहून निरीक्षकास ही सवलत आठवते. धंदा बापाचा नाहीं, मालकाचा आहे, हें त्याला शिकविलें पाहिजे. वसईकडील विधायक संसद ह्या संस्थेनें भट्ट्यांवर मुलांसाठीं भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे मजुरांची तात्पुरती झोंपडी. अशा शाळेचा हजेरीपट भट्टीच्या वहीशेजारीं ठेवून पाहावा. एकींत नसलेलीं नांवें दुसऱ्यांत सांपडतात. आणि हें लिहितां लिहितां एक गोष्ट सांगून टाकतों. १० ऑक्टोबर २००६ पासून घरकामास १४ वर्षांखालील मुलें ठेवणें हाहि गुन्हा आहे. निरीक्षक सहसा सुशिक्षितांच्या स्वयंपाकघरांत येत नाहीं, म्हणून तो गुन्हा लहान होत नाहीं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या. त्यांत निरीक्षकाच्या पदनामास साह्यकर्त्याची जोड देण्यांत आली असून संगणकाच्या निवडीनें तपासणी ठरविण्याची तरतूद आहे. हप्तेबाजीस आळा बसावा हा हेतु चांगलाच. परंतु ज्या भट्टीची नोंदच नाहीं ती संगणकाच्या चिठ्ठींत निघणार कशी? विजेवांचून चालणारें ठिकाण पूर्वीं २० मजुरांवर कारखाना ठरे, आतां ४० लागतात. भारतानें १९४९ सालीं मान्य केलेला आंतरराष्ट्रीय करार पूर्वसूचनेवांचून, रात्रीं-अपरात्रीं कामाच्या जागीं जाण्याची मुभा निरीक्षकास देतो. ती मुभा कागदावर राहूं नये.

वेठबिगारीच्या कायद्यांतील कारवाईचे अधिकार कामगार-निरीक्षकाकडे नसून जिल्हाधिकारी व त्याच्या हाताखालील अधिकारी ह्यांजकडे आहेत. म्हणून निरीक्षकानें ओळखलें तरी तहसीलदारास त्याच दिवशीं कळविणें, मजुरांचे जबाब वेगवेगळे घेणें व मुक्ततेचा दाखला मिळेपर्यंत पाठपुरावा करणें त्यास आलें पाहिजे. २०२१ सालीं मोखाडा तालुक्यांत, मुलाच्या कफनासाठीं घेतलेल्या ५०० रुपयांपायीं राबवून घेतलेल्या एका आदिवासी बापानें आत्महत्या केल्याची फिर्याद पोलिसांत नोंदली गेली. तें काम शेतावरचें होतें. कारखान्यांच्या यादींत तें कधींच आलें नसतें. मुक्त झालेल्या पुरुषास १ लाख, स्त्री वा मूल असल्यास २ लाख, आणि अतिशय दारुण प्रसंगीं ३ लाख रुपये देण्याची योजना २०१६ पासून आहे; परंतु त्या रकमेचा शेवट खटल्याच्या निकालाशीं जोडलेला आहे, आणि गुन्हेगारास दंड मात्र १९७६ सालीं ठरलेला, २,००० रुपयांपर्यंतचाच. दाखला व तांतडीची मदत वेळेवर हातीं पडली नाहीं, तर भाद्रपदांत, गौरीगणपतीच्या सुमारास, मुकादम नवी उचल घेऊन दारांत उभा असतो.