मासिकातले घर गोंदियाच्या उन्हात का तापते?

घर बांधायचे ठरले की आज पहिला फोटो मोबाइलवर येतो. ‘इनसाइड आऊटसाइड’ किंवा २०१२ पासून भारतात निघणारे ‘आर्किटेक्चरल डायजेस्ट’ यांतली घरे देखणी असतात. भिंतभर काच, सपाट छत आणि बरेचदा ना छज्जा ना ओसरी. फोटोत तापमान मात्र दिसत नाही. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

काचेतून ऊन आत येते, फरशी-भिंती तापवते. ती उष्णता मग काचेतून सहज बाहेर पडत नाही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खोलीत सोडतो. पंखा लावला तरी अंगावर गरम वाराच येतो.

जुन्या मातीच्या घराच्या जाड भिंतींतून ऊन उशिरा झिरपते, कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते, ओसरीमुळे भिंतीवर सावली राहते. तरी लोक स्लॅबकडे वळले ते उगाच नाही. माकडे कवेलू फोडतात, पावसाळ्याआधी फुटलेले बदलावे लागतात. दरवर्षी कोण करणार?

मग स्लॅबच घालायचा तर? पश्चिमेला काच टाळा. तिकडे जिना किंवा न्हाणीघर काढा. खिडक्या समोरासमोर, त्यांवर दोन फुटांचा छज्जा आणि स्लॅबवर पांढरा चुना. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) किमान २५ चौरस मीटरच्या घरकुलातही एवढे बसते. छज्जा मात्र नकाशातच मागून घ्या. स्लॅब पडल्यावर तो काढणे महागात जाते.