योगायोगाला आखून दिलेली हद्द

योगायोगाचं गणित : लेखांक ९

अमेरिकेत ‘कॉम्प्युटर्स अँड ऑटोमेशन’ नावाचं मासिक निघत असे. १९६३ मध्ये संपादक एडमंड बर्कली यांनी त्यात संगणक-चित्रांची स्पर्धा सुरू केली. पहिलं बक्षीस गेलं ते कुणा चित्रकाराला नव्हे, तर मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी बॅलिस्टिक्स प्रयोगशाळेला. तोफगोळ्यांचे मार्ग मोजणं हे तिथलं रोजचं काम. बक्षीस मिळवणारी आकृतीसुद्धा कॅमेऱ्याच्या भिंगामुळे प्रतिमा कशी वेडीवाकडी होते, हे दाखवणारी होती. गणित कामासाठी केलं, ते देखणं निघालं, इतकंच.

१९६५ चे विजेते ए. मायकेल नॉल यांनी हा क्रम उलटा केला. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमधले हे इंजिनिअर चित्रासाठीच गणित करत होते. १९६२ च्या उन्हाळ्यात एका सहकाऱ्याचा आलेख प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे भलताच उमटला, रेघांचं विचित्र जाळं कागदावर आलं आणि नॉल यांच्या डोक्यात किडा वळवळला : हेच मुद्दाम केलं तर?

बक्षीस मिळालेल्या चित्रासाठी त्यांनी पीट मोंद्रियान या डच चित्रकाराचं १९१७ चं ‘रेषांची रचना’ हे चित्र समोर ठेवलं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर आडव्या-उभ्या, तुटक काळ्या पट्ट्या. काही एकमेकींना छेदतात, काही सुट्या. सगळ्या मिळून साधारण वर्तुळाकार पसरलेल्या, वरच्या बाजूला आखूड होत गेलेल्या. नॉल यांनी या निरीक्षणांचे नियम केले. पट्टी वर्तुळाच्या आतच पडेल, पण नेमकी कुठे, ते यादृच्छिक संख्या ठरवेल. लांबी आणि जाडीही तीच ठरवेल, मात्र दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत. वरच्या भागात एक अदृश्य पॅराबोला. पट्टी त्यात पडली तर तिची लांबी कमी करायची. संगणकाने हिशेब केला, प्लॉटरने पडद्यावर रेघा उमटवल्या आणि कॅमेऱ्याने त्या फिल्मवर टिपल्या.

इथे थोडं थांबू. गेल्या लेखात आपण फासे टाकले होते. संगणकाकडे फासा नसतो. सांगितलेलं तो सांगितल्याबरहुकूम करतो. मग त्याच्याकडून यादृच्छिक संख्या मिळवायची कशी? गणिती जॉन फॉन नॉयमन यांची जुनी युक्ती पाहा. नॉल यांनी हीच वापरली असं नव्हे, पण कल्पना समजायला ती सोपी आहे. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, वर्ग आठ अंकी लिहून मधले चार अंक उचला. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, म्हणून ३२१५. पुढे ३३६२, मग ३०३०. पाहणाऱ्याला या संख्यांमध्ये काही सूत्र दिसत नाही. पण १२३४ पासून सुरुवात केली, तर आजही हेच आकडे येतील आणि शंभर वर्षांनीही हेच. याला छद्म-यादृच्छिक संख्या म्हणतात.

या युक्तीत खोटही आहे. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. मधले अंक पुन्हा ३७९२! गाडी तिथेच रुतली. अंकांची अशी उलथापालथ शेवटी एकाच जागी जाऊन थांबते, याचं आपल्याकडचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे देवळालीच्या द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या. कापरेकरांना ते थांबणंच हवं होतं. यादृच्छिक संख्या बनवणाऱ्याला मात्र ते परवडत नाही.

आता पुन्हा चित्राकडे. नॉल यांनी मोंद्रियानच्या आणि संगणकाच्या चित्राच्या झेरॉक्स प्रती शेजारी ठेवून शंभर जणांना दाखवल्या. संगणकाचं चित्र कोणतं, हे फक्त २८ जणांनी बरोबर ओळखलं. आणि ५९ जणांना संगणकाचंच चित्र अधिक आवडलं.

म्हणजे यंत्राने मोंद्रियानला हरवलं का? छे. यंत्राला मोंद्रियान ठाऊकच नव्हता. त्याचं चित्र न्याहाळून नियम काढले ते माणसाने. खरी गंमत त्या २८ मध्ये आहे. नुसता अंदाज ठोकला असता, तरी निम्म्या लोकांचं उत्तर बरोबर यायला हवं होतं. इथे बहुतेकांनी ठामपणे उलटं सांगितलं. मोंद्रियानची मांडणी जास्त शिस्तीची, म्हणून ती यंत्राची वाटली; संगणकाचा विस्कळितपणा माणसाच्या हातचा वाटला. शिस्त यंत्राची आणि लहर माणसाची, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. प्रत्यक्षात माणसाला लहरीपणा नीट जमत नाही. कुणालाही ‘वाट्टेल तसे ठिपके काढ’ म्हणा. नकळत तो रांगोळीसारखं अंतर राखू लागतो. खऱ्या यदृच्छेत ठिपक्यांचे पुंजके होतात, मोकळे पट्टे राहतात.

नॉल यांच्या ‘गॉसियन-क्वाड्रॅटिक’ या दुसऱ्या चित्राची कथाही ऐकण्यासारखी आहे. त्यात शंभर बिंदू रेघांनी जोडले आहेत. बिंदूची आडवी जागा गॉसच्या घंटाकृती वितरणातून येते, उभी जागा वर्गाच्या सूत्राने वाढत जाते. याच्या कॉपीराइटसाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा कार्यालयाने हरकत घेतली : हे यंत्राने काढलं आहे. प्रोग्रॅम माणसाने लिहिला, असं त्यांनी कळवलं. पुन्हा हरकत : पण यात यादृच्छिक संख्या आहेत. त्यावर नॉल यांचं उत्तर असं, की त्या संख्या दिसायला यादृच्छिक असल्या तरी काटेकोर सूत्रातून निघतात. मग नोंदणी झाली.

उत्तर बिनतोड होतं, पण माझ्या मते कलेच्या दृष्टीने गरजेचं नव्हतं. खरा फासा टाकून बिंदू ठरवले असते, तरी चित्र नॉल यांचंच राहिलं असतं. योगायोगाला कुठे मोकळं सोडायचं आणि कुठे अडवायचं, हे ठरवण्यातच चित्रकाराचं काम असतं. पॅराबोला काढून टाका. पट्ट्या तितक्याच यादृच्छिक राहतील, पण मोंद्रियानची आठवण पुसट होईल.

स्पर्धेच्या पुढच्या विजेत्यांकडे पाहिलं, की ही समज कशी पसरली ते दिसतं. १९६६ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टचे गणिती फ्रीडर नाके जिंकले. १९६७ मध्ये ओहायोचे चार्ल्स सुरी, म्हणजे अखेर एक चित्रकार. माणसाचं रेखाचित्र त्यांनी साइन वक्राच्या सूत्राने लहरींमध्ये ताणलं होतं.

पुढच्या आठवड्यात : संख्या यादृच्छिक आहेत की नाहीत, हे तपासायचं कसं? तोवर वाचकांसाठी गृहपाठ. वरच्या रीतीने ६१०० पासून सुरुवात करा, चार पायऱ्या पुढे जा आणि ही संख्या चित्रकाराच्या का कामाची नाही, ते सांगा.