डोंग्याला इंजिन लावताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पातूरच्या माणसानं नावेच्या इंजिनावर बोलावं, याचं काहींना हसू येईल. पण समुद्र नसला तरी पाणी आमच्याकडे आहे. मोर्णा आणि निर्गुणा हे दोन मध्यम प्रकल्प पातूर तालुक्यातच आहेत आणि शेजारच्या बार्शीटाकळी तालुक्यात महानचं काटेपूर्णा धरण आहे. धरण भरलं की जाळं टाकायला दूरवर जावं लागतं, आणि वारा समोरून असला की वल्हवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

असाच एक मासेमार भाऊ मध्यंतरी भेटला. म्हणाला, "वल्हे मारू मारू खांदे गेले भाऊ. डोंग्याले इंजन बसवून देता काय?" आठ हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन त्यानं आणूनही ठेवलं होतं. फक्त ते बसत नव्हतं. त्यावर त्याचा उपाय सोपा होता. डोंग्याची मागची फळी वरून चार-पाच इंच कापायची आणि त्या खाचेत इंजिन अडकवायचं. मी त्याला म्हटलं, तेवढं करू नको. का, तेच आज सांगायचं आहे.

बाहेरून अडकवायच्या या इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडनं १९०९ मध्ये अमेरिकेत ते विकायला काढलं आणि पुढं ते जगभर गेलं. डोकं वर, मध्ये लांब दांडा आणि खाली पाण्यात पंखा, अशी त्याची रचना. या दांड्याची लांबी ठरलेली असते. आखूड दांड्याचं इंजिन साधारण १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी असतं आणि लांब दांड्याचं २० इंच म्हणजे ५१ सेंटिमीटरसाठी. या भावाचं इंजिन आखूड दांड्याचं आणि डोंग्याची मागची फळी वीस इंची. पंखा पुरेसा बुडणारच नाही. तो हवा ओढणार, इंजिन नुसतं ओरडणार आणि डोंगा जागचा हलणार नाही.

फळी कापली तर इंजिन बसतं, हे खरं. पण ती फळी म्हणजे डोंग्याची मागची भिंत आहे. इंजिनाच्या वजनानं मागचा भाग आधीच खाली दबतो, चालवणाराही मागंच बसतो, आणि नेमकी तिथलीच भिंत आपण बुटकी करतो. वेगात असताना काही जाणवत नाही. एकदम वेग कमी केला की डोंग्यानंच उठवलेली लाट मागून येते आणि खाचेतून सरळ आत शिरते. दोन-चार बादल्या पाणी आत आलं की मागचा भाग आणखी दबतो. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा इंजिनाशी संबंध जोडायचा नाही. पण लहान नाव किती लवकर हाताबाहेर जाते, हे आपल्या भागानं पाहिलं आहे.

म्हणून ब्रॅकेट. फळी पूर्ण उंचीची ठेवायची, तिच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मजबूत सांगाडा बसवायचा आणि इंजिन त्यावर, फळीच्या माथ्यापेक्षा खाली अडकवायचं. आखूड दांड्याचं इंजिन उंच फळीला असं चालतं. समुद्रातल्या मोठ्या बोटींवर हा सांगाडा म्हणजे बंद पेटीच असते, ती स्वतः तरंगते आणि मागच्या वजनाला थोडा हातभार लावते.

पण फुकट काही मिळत नाही. समजा इंजिन ४० किलोचं आहे आणि ब्रॅकेटमुळे ते फळीपासून ५० सेंटिमीटर मागं गेलं. ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर आहेत. तरफेचा शाळेतला हिशेब करा. चाळीस गुणिले पन्नास, भागिले वीस. वरच्या बोल्टांवर १०० किलोची ओढ येते, तीही डोंगा काठाला उभा असताना. लाटेवर आपटला की ती कितीतरी पट होते. त्यात पंखा खालून पुढं रेटत असतो, त्यामुळे इंजिनाचं डोकं मागं जाऊ पाहतं आणि वरच्या बोल्टांची ओढ आणखी वाढते. तेच इंजिन २५ सेंटिमीटरवर ठेवलं तर वजनाची ओढ निम्मी. म्हणून इंजिन पूर्ण वर उचललं जाईल आणि दोन्ही बाजूंना मोकळं वळेल, एवढंच ते मागं न्यावं. आपल्या धरणांच्या बुडीत भागात जुनी खोडं असतात. इंजिन वर उचलता येणं ही इथं चैन नाही, गरज आहे.

आता ही ओढ सोसणार कोण? फळी. ती फायबरची असेल तर बहुधा आत प्लायवूड असतं. जुन्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपून ते आतल्या आत कुजतं आणि वरून फळी चकचकीत दिसते. लाकडी हातोडीनं ठोकून पाहा. ठणठणीत आवाज आला तर बरं, भदभद आवाज आला तर आधी फळी बदला. स्क्रूवर भरवसा नको, आरपार बोल्ट हवेत. आतून वॉशरऐवजी रुंद धातूची पट्टी लावा, आणि फळीपासून तळाकडे तिरपे आधार द्या, म्हणजे ओढ एकट्या फळीवर न राहता सगळ्या डोंग्यात वाटली जाईल. भोक पाडल्यावर त्याच्या कडा इपॉक्सीनं बंद करायच्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं.

उंची कशी ठरवायची? पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. फळीलाच इंजिन लावलं तर ती डोंग्याच्या तळाच्या पातळीत किंवा जेमतेम खाली ठेवतात. ब्रॅकेटवर मात्र थोडी वर चालते, कारण चालत्या डोंग्यामागं पाणी पुन्हा वर चढतं. म्हणून ब्रॅकेटला एकाऐवजी तीन-चार उंचींची भोकं ठेवा आणि पाण्यात चालवून पाहून पक्कं करा.

तोलाचंही पाहायला हवं. पेट्रोलचा डबा आणि नांगर नाळेकडे न्या. हँडलला लांब दांडा जोडला तर चालवणाराही हातभर पुढं सरकू शकतो. इंजिनाला एक साखळी डोंग्याशी बांधा. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला हवीच, आणि अंगात लाइफ जॅकेट.

कागदाचंही एक काम आहे. इंजिन लागलं की डोंगा यंत्रावर चालणारं जलयान ठरतो. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नुसार अशा जलयानाची तपासणी आणि नोंदणी लागते.

त्या भावाच्या डोंग्याची फळी ठोकून पाहिली, तर डावीकडचा कोपरा भदभद वाजला. सध्या डोंगा काठावर पालथा घातलेला आहे. फळी नवी होतेय, ब्रॅकेट त्यानंतर.