पत्त्यांची यादी भरते तेव्हा

१२ ऑगस्ट २०१४ रोजी अनेक संकेतस्थळे अचानक रखडत चालू लागली, काही बंदच पडली. सायबर हल्ला झाला नव्हता, समुद्राखालची केबलही तुटली नव्हती. ठिकठिकाणच्या जुन्या स्विच आणि राउटरमधली पत्त्यांची यादी भरली होती, एवढेच.

इंटरनेटवरची माहिती छोट्या पॅकेटांतून प्रवास करते. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो आणि वाटेतले यंत्र आपल्या यादीत पाहून त्याला पुढे धाडते. १०० गिगाबिट वेगाच्या एकाच तारेवर सेकंदाला जवळपास १५ कोटी छोटी पॅकेट येऊ शकतात. तिथे यादी चाळत बसायला वेळ कुठला? म्हणून टीकॅम नावाची खास मेमरी वापरतात. ती सगळ्या नोंदी एकदमच तपासते. पण नेहमीच्या वेगवान मेमरीत एका बिटाला ६ ट्रान्झिस्टर पुरतात, तर टीकॅमला साधारण १६. किंमत वाढते, वीज जास्त लागते, यंत्र तापते. त्यामुळे ही मेमरी मोजूनमापूनच बसवतात. त्या दिवशी अडखळलेल्या यंत्रांत साधारण ५ लाख १२ हजार नोंदींचीच सोय होती.

जागा वाचवण्याची युक्ती मात्र टपाल खात्याला आधीपासून ठाऊक आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. चेन्नईत पत्रे निवडणाऱ्याला दापोलीची आळी माहीत असावी लागत नाही. पिनकोडचे पहिले दोन-तीन आकडे पाहून पत्र योग्य थैलीत टाकले की झाले. आळी शोधणे हे दापोलीच्या पोस्टमनचे काम.

इंटरनेटने १९९३ मध्ये हाच मार्ग धरला. पत्त्यांचे शेजारशेजारचे २५६ गट एकाच वाटेने जाणार असतील, तर २५६ नोंदींऐवजी एकच पुरते.

अडचण अशी, की ही काटकसर मोडणे फार सोपे आहे. एखादी कंपनी सुरक्षिततेसाठी दोन जोडण्या घेते आणि आपल्या पत्त्यांची वेगळी नोंद जाहीर करते. फायदा तिचा, जागा मात्र जगभरच्या मोठ्या राउटरांत अडते. त्याचे बिल तिला कुणी पाठवत नाही! २०१४च्या त्या दिवशी तर एका बड्या अमेरिकी कंपनीच्या जाळ्यातून सुमारे १५ हजार सुट्या नोंदी एकदम बाहेर पडल्या. आधीच काठोकाठ आलेली यादी उतू गेली. ज्या नोंदींना जागा उरली नाही, त्यांची पॅकेट काही यंत्रे अतिशय संथपणे हाताळू लागली, तर काहींनी ती टाकूनच दिली.

खरे तर यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने काही महिने आधी सावध केले होते. उपायही साधा होता: नव्या आयपीव्ही-६ पत्त्यांसाठी राखून ठेवलेली जागा कमी करून जुन्या पत्त्यांना द्यायची आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे. अनेकांनी ते केले नव्हते.

आज ही यादी ९ लाखांच्या पुढे गेली आहे.