भाताच्या धसकटांतील उडीद

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सरस्वती महाल ग्रंथालय उभे राहते आणि व्यंकोजी राजांपासून 1855 पर्यंत तेथे नांदलेली मराठी राजवट आठवते. बृहदीश्वराच्या मंदिरापलीकडे पसरलेल्या भातशेतीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात जानेवारी-फेब्रुवारीत दिसणारे एक दृश्य नवख्याला बुचकळ्यात टाकणारे असते. सांबा हंगामाचे भात पिवळे झालेले असते, कापणी आठ-दहा दिवसांवर आलेली असते, आणि शेतकरी त्या उभ्या पिकातच उडदाचे बी फोकून पेरतो. नांगर नाही, वखर नाही, कुळवाची पाळीही नाही.

यामागे हिशेब आहे तो ओलीचा. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे 12 जूनला सुटते व 28 जानेवारीला बंद होते. त्यानंतर उडदाच्या वाट्याला येते ती भाताने मागे ठेवलेली ओल आणि पहाटेचे दव. भारी चिकणमाती नांगरावी, तर ढेकळे निघतात आणि ती फुटेपर्यंत ओल उडून जाते. विनामशागत शेतीचा आज जगभर गवगवा आहे. तंजावरला ती जुनी निकड आहे. 1922 साली स्थापन झालेल्या आडुतुरै येथील भात संशोधन संस्थेने या पेरणीला साजेसा ‘एडीटी 3’ हा उडदाचा वाण दिला. आपल्या पूर्व विदर्भातील ‘उतेरा’ पद्धत, म्हणजे उभ्या धानात लाखोरी टाकणे, याच कुळातील होय.

कापणीनंतर शेतात उभी राहणारी धसकटे बरेच काम करतात. त्यांच्या सावलीने माती कमी तापते, बाष्पीभवन मंदावते, चिकणमातीला भेगा उशिरा पडतात. भाताची मुळे जागच्या जागी कुजतात आणि त्यांनी सोडलेल्या पोकळ वाटांतून हवा व उडदाची मुळे खाली उतरतात. पेंढा कुजविणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र काही काळ अडवून ठेवतात. त्याची झळ ज्वारी-मक्यासारख्या पिकाला लागते. उडीद मुळांवरील गाठींतून बराचसा नत्र स्वतःच मिळवीत असल्याने त्याला ती तितकीशी बाधत नाही. जुन्या लोकांची निवड किती नेमकी होती!

विळ्याची जागा कापणीयंत्राने घेतली आणि गणित बदलले. यंत्राच्या पट्ट्यांखाली कोवळी रोपे चिरडतात. म्हणून बी कापणीच्या अधिक जवळ टाकावे लागते. यंत्रामागे पेंढ्याचे जाड पट्टे पडतात. त्यांखालील रोप उजेडाअभावी पिवळे पडून लांबते, तर शेजारची उघडी जमीन भेगाळते. एकाच बांधाच्या आत दोन्ही नुकसाने! पेंढा हाताने सारखा पसरणे हाच साधा उपाय. पण त्याला मजूर हवेत.

नुसते न नांगरणे पुरेसे नाही, हे मोठ्या अभ्यासानेही दाखविले आहे. ‘नेचर’ या नियतकालिकातील एका संशोधनात 63 देशांतील 48 पिकांवरचे 610 अभ्यास एकत्र तपासले गेले. केवळ मशागत थांबविली, तेव्हा उत्पन्न सरासरीने सुमारे दहा टक्के घटले. अवशेषांचे आच्छादन व पीकपालट यांची जोड मिळताच ती घट अडीच टक्क्यांवर आली. कोरड्या, पावसावर अवलंबून असलेल्या प्रदेशांत तर तिन्ही एकत्र आल्यावर उत्पन्न सात टक्क्यांनी वाढले. पाणी बंद झाल्यावरचे तंजावर या शेवटच्या गटाच्या जवळचे. रायगड जिल्ह्यात नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रातही गादीवाफे न मोडता जुन्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवली जातात.

अडचण आहे ती व्यवहाराची. पेंढा म्हणजे वैरण. आणि गठ्ठे बांधून नेणारा व्यापारी बांधावर आला की तो रोख पैसाही होतो. उडदाचे पीक दोन-अडीच महिन्यांनी हाती येते, तेही दव पडले तर. आम्हां बँकवाल्यांच्या पीककर्जाच्या हिशेबात बियाणे-खताचा खर्च येतो, शेतात सोडलेल्या पेंढ्याचे मोल बहुधा येत नाही. लहान शेतकऱ्याने मग पेंढा विकला, तर त्याला बोल कसा लावावा? एप्रिलच्या सुमारास उडीद निघतो. उरल्यासुरल्या धसकटांत गुरे चरतात आणि जूनचे पाणी येईपर्यंत जमीन उन्हात उघडीच असते.