बाहेरची बाधा, पायाळू मूल आणि शिक्षक

एखादे मूल आठ-दहा दिवस शाळेत येत नाही. चौकशी करता "बाहेरची बाधा झाली आहे, गुरुजी" असे कळते. आणखी विचारावे तर "हा आमच्या देवधर्माचा प्रश्न आहे" असे उत्तर मिळते आणि शिक्षक तेथेच थबकतो. नवीन जालना परिसरातील शिक्षकबंधू-भगिनींनी या उत्तराचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

हाच आक्षेप राज्यभर घेतला गेला होता. जादूटोणाविरोधी विधेयक अनेक वर्षे रखडले, कारण त्यामुळे पूजाअर्चा व वारी यांवर गदा येईल असे काही वारकरी व इतर धार्मिक संघटनांचे म्हणणे होते. विधेयकासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. तो वाचून पाहिल्यास भीतीचे कारण उरत नाही. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, इतकेच काय, कान-नाक टोचणेही त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. निषिद्ध आहे ती इजा: भूत उतरविण्याच्या मिषाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, सर्पदंश झाला असता औषधोपचारास अडवून गंडेदोरे करणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची असून शिवाय दंडही आहे.

गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्येही याच कायद्याखाली येतात. पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू, मुलास भूमिगत धन दिसते ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. अमका पायाळू आहे हे वर्गात थट्टेने सर्वांना ठाऊक असते. धन शोधणाऱ्याच्या कानी ते गेले तर थट्टा राहत नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधन व अपत्यप्राप्ती यांच्या लोभातून झालेल्या हत्यांत लहान मुलीही बळी पडल्या. तेव्हा वर्गातील ही थट्टा शिक्षकाने आधी थांबवावी.

पालकांशी बोलताना देव-भुतांच्या अस्तित्वाचा वाद घालू नये. तो जिंकला तरी मुलाच्या पदरात काही पडत नाही. पालक बहुधा क्रूर नसतो, घाबरलेला असतो. फेफरे आलेल्या मुलाचे फिरलेले डोळे व तोंडाचा फेस पाहून कोण घाबरणार नाही? अंगारा खुशाल लावा, पण आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात चला, एवढेच म्हणावे. शक्य तर सोबत जावे. नियमित औषधाने बहुतेकांचे झटके आटोक्यात येतात, मात्र औषध मध्येच सोडू नये, हेही सांगावे.

मारहाण वा बांधून ठेवणे आढळले तर समजूत घालीत बसू नये. मुख्याध्यापकांस सांगून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. मूल परत आल्यावर त्यास नेहमीच्याच जागी बसवावे आणि दुपारच्या भोजनाच्या पंगतीत त्याच्या शेजारी कोणी बसते की नाही, याकडे चार दिवस लक्ष असू द्यावे.